पैसे मोजण्याआधी

प्रस्तावना

घरात येणाऱ्या बहुतेक महागड्या वस्तू एक तर अख्ख्या येतात, नाहीतर येतच नाहीत. फ्रिज जुना झाला की अख्खा बदलावा लागतो. मोबाइलची रॅम कमी पडली की मोबाइलच नवा घ्यावा लागतो. लॅपटॉपची रॅम किंवा एसएसडी काही वेळा वाढवता येते, पण ग्राफिक्स चिप सहसा बोर्डावरच जडवलेली असते. डेस्कटॉप कॉम्प्युटरचं तसं नाही. तो यंदा साधा घेता येतो, पुढच्या दिवाळीला वाढवता येतो, तीन वर्षांनी त्यातला एकच भाग बदलता येतो आणि काढलेला भाग विकून थोडे पैसे सोडवताही येतात. खेळाच्या यंत्रावर एकरकमी लाख रुपये घालणं ज्या घराला शक्य नाही, त्या घरासाठी ही फार मोठी सोय आहे. ती पुरेपूर कशी वापरायची, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

ही सोय कुठून आली, हे आधी समजून घेऊ. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा तो मुख्यतः बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून बनवला होता आणि त्याच्या रचनेची तांत्रिक माहितीही छापून प्रसिद्ध केली होती. त्यामुळे इतर कंपन्यांना त्यात बसणारी कार्डं करता आली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणलं आणि मदरबोर्डचा आकार, स्क्रूच्या भोकांच्या जागा, वीजजोडणीची पद्धत हे सगळं ठरून गेलं. २००३ च्या सुमारास कार्डांच्या जोडणीसाठी पीसीआय एक्स्प्रेस हे मानक आलं. त्यामुळे आज घेतलेलं ग्राफिक्स कार्ड सहसा बऱ्याच जुन्या बोर्डाच्या स्लॉटमध्येही चालतं, फक्त वेग कधी कधी कमी मिळतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार वेगळ्या कंपन्यांचे भाग एका टेबलावर अर्ध्या-पाऊण तासात जोडून होतात, त्यामागे चार दशकांचे हे करार आहेत. कमी पैशात खेळू पाहणाऱ्या प्रत्येकाचा त्यांवर हक्क आहे.

हे करार पाळले तर काय होतं, त्याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण एएमडीच्या एएम४ सॉकेटचं आहे. २०१७ च्या मार्चमध्ये पहिले रायझन प्रोसेसर या सॉकेटवर आले. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याच सॉकेटसाठी रायझन ७ ५८००एक्स३डी आला. त्यात तब्बल ९६ एमबी एल३ कॅशे होता आणि त्या घडीला खेळांसाठीच्या सर्वांत वेगवान प्रोसेसरांत त्याची गणना झाली. त्याच वर्षी २०१७ च्या जुन्या बोर्डांसाठीही बायोसचे अपडेट येऊ लागले. म्हणजे पाच वर्षांपूर्वी स्वस्तातला ए३२० बोर्ड घेतलेल्या माणसाला, बोर्ड कंपनीने अपडेट दिलं असेल तर, बोर्ड, रॅम, कॅबिनेट काहीही न बदलता आपलं यंत्र तीन पिढ्या पुढे नेता आलं. त्याचा खर्च एका प्रोसेसरपुरता राहिला.

याच्या उलट उदाहरणही त्याच २०१७ सालचं आहे. इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए ११५१ सॉकेटचेच होते, पिनांची संख्याही तीच होती. तरीही ते आदल्या पिढीच्या बोर्डांवर चालत नव्हते, त्यांना ३०० मालिकेचे नवे बोर्ड लागत होते. ज्यांनी वर्षभरापूर्वी बोर्ड घेतला होता, त्यांचा पुढचा रस्ता तिथेच बंद झाला. म्हणून बोर्ड घेताना ‘यावर आज काय चालतं’ एवढं विचारून भागत नाही. ‘यावर उद्या काय बसेल’ हेही विचारावं लागतं. आज एएम४ वर नवं फारसं येणार नाही, पण स्वस्त आणि भरवशाचं बरंच मिळतं. एएम५ २०२२ पासूनचं आहे, त्याला डीडीआर५ रॅमच लागते, पण त्याचा पुढचा रस्ता मोकळा आहे. दोन्ही निवडी योग्य ठरू शकतात. कोणाला कोणती, हे तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे.

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे येतो. खेळाचा कॉम्प्युटर घेताना किंवा वाढवताना सगळे विचारतात, ‘सर्वांत चांगलं कार्ड कोणतं?’ माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: ‘माझ्या यंत्रात आत्ता कोणता भाग बाकीच्यांना थांबवून धरतो आहे?’ पडद्यावर दिसणारी प्रत्येक फ्रेम दोन हातांतून जाते. शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, दार उघडलं की नाही, हे प्रोसेसर ठरवतो. मग ते दृश्य रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसरला एका फ्रेमला २० मिलिसेकंद लागत असतील, तर जगातलं सर्वांत महाग कार्ड लावलं तरी फ्रेम सेकंदाला ५० च्या वर जाणार नाहीत. कार्ड रिकामं बसून राहील आणि त्यावर घातलेले पैसेही.

हा अडथळा मोजायला एक पैसाही लागत नाही. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. २५६० बाय १४४० वर ते ३६ लाख ८६ हजार ४०० होतात आणि फोर-के वर ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. पिक्सेल वाढले की बोजा मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो, प्रोसेसरचं काम फारसं बदलत नाही. म्हणून आपल्या आवडीच्या खेळात रिझोल्यूशन खाली आणून पाहा. फ्रेम झपाट्याने वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. जवळजवळ तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम अडवत होती. आफ्टरबर्नरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या पुढे दिसत असेल, तर कार्डच कमी पडतं आहे. हे दहा मिनिटांचं काम आहे. त्याआधी दुकानात जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

याच मोजणीमुळे दोन खेळाडूंना दोन वेगळी उत्तरं मिळतात. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला सेकंदाला शंभराच्या वर आणि अखंड फ्रेम हव्या असतात. तिथे चांगला प्रोसेसर आणि जोडीने लावलेली रॅम जास्त कामाला येते. सायबरपंक २०७७ सारखा एकट्याने खेळायचा, शहरभर रोषणाई असलेला खेळ ज्याला आवडतो, त्याने पैशाचा मोठा वाटा कार्डावर घालावा. पहिल्याचं बजेट दुसऱ्याने नक्कल करून वापरलं तर दोघांपैकी एक नक्की निराश होतो. म्हणून या पुस्तकात ‘पन्नास हजारांचा आदर्श पीसी’ अशी यादी दिलेली नाही. खेळाचा प्रकार आणि मॉनिटर आधी, यादी त्यानंतर.

मॉनिटरचा उल्लेख मुद्दाम केला. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. कार्डाने १४० फ्रेम काढल्या तरी डोळ्यांना त्या सगळ्या दिसत नाहीत. मॉनिटर हा भाग दोन-दोन कॉम्प्युटर पुरतो, तरी बहुतेक बजेटांत तो शेवटी उरलेल्या पैशांतून येतो. टिकणाऱ्या भागांवर आधी नीट खर्च करावा आणि लवकर जुन्या होणाऱ्या भागांवर बेताने, हे सूत्र पुढे वारंवार येईल. मॉनिटर, एसएमपीएस आणि कॅबिनेट टिकतात. प्रोसेसर मध्यम टिकतो. ग्राफिक्स कार्ड सर्वांत लवकर जुनं होतं.

काही सुधारणा इतक्या स्वस्त आहेत की त्या आधी करून घ्याव्यात. अनेक तयार यंत्रांत रॅमची एकच पट्टी असते. तशीच दुसरी पट्टी योग्य स्लॉटमध्ये लावली की मेमरी दोन मार्गांनी चालते. रायझन ५ ५६००जी सारख्या, ग्राफिक्स पोटातच असलेल्या प्रोसेसरला तर यातून फार मोठा फायदा होतो, कारण त्याचं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं. ३२०० ची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्याशिवाय बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६ वरच धावते. बायोसमधली एक नोंद बदलली की विकत घेतलेला वेग हातात येतो. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलं की खेळ लोड होण्याचा वेळ आणि मध्येच बसणारे झटके कमी होतात. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, साधी एनव्हीएमई ३,००० च्या पुढे. खेळताना मात्र या दोघींतला फरक हार्ड डिस्क आणि एसएसडीतल्या फरकाच्या मानाने खूपच लहान असतो.

ग्राफिक्स कार्डाचं प्रकरण पुस्तकातलं सर्वांत मोठं आहे, कारण फसायला सर्वांत जास्त जागा तिथेच आहे. नावातला आकडा मोठा म्हणजे कार्ड चांगलं, ही समजूत महागात पडते. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीला चारच पीसीआय एक्स्प्रेस लेन आहेत आणि मेमरी ४ जीबी. बी४५० सारख्या बोर्डाच्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर ते लावलं की मेमरी भरल्यावर त्याचा वेग चांगलाच घसरतो. त्यात खेळ रेकॉर्ड करण्यासाठी लागणारी हार्डवेअर एन्कोडिंगची सोयही नाही. नव्या पिढीचं आहे म्हणून ते घेऊन जुन्या बोर्डात लावणारा माणूस नेमका त्याच्या दुबळ्या जागेवर बोट ठेवतो. त्याआधी तीन महिने आलेलं आरएक्स ६६०० आठ लेनचं, ८ जीबीचं आणि १३२ वॉटचं. १०८० च्या पडद्यासाठी ते बराच काळ काटकसरीचं उत्तम उदाहरण राहिलं. आर्क बी५८० सारखं १२ जीबीचं कार्ड आकर्षक आहे, पण त्याला रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालणारा बोर्ड हवाच. प्रत्येक कार्डाला असा एक शेजार लागतो, आणि तो आपल्या घरात आहे का हे आपणच पाहायचं असतं.

सेकंड हँड बाजाराला मी कमी लेखत नाही. या पुस्तकाच्या अनेक वाचकांचा पहिला पीसी तिथूनच येईल, आणि यावा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारं खाणकाम (मायनिंग) बंद केलं आणि रात्रंदिवस चाललेली असंख्य कार्डं जगभरच्या बाजारात आली. खाणकामात चाललेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंखे, थर्मल पेस्ट आणि मेमरी तपासून घेतली तर ते वर्षानुवर्षं चालू शकतं. सावध राहायचं ते नावापासून. आरएक्स ५८० च्या नावाखाली २०४८एसपी ही कमी ताकदीची आवृत्ती सर्रास विकली जाते. समोर अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याशिवाय आणि सीरियल नंबरावरून वॉरंटी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ऑफिसांतून निघालेली ऑप्टिप्लेक्ससारखी ब्रँडेड यंत्रं हाही एक चांगला पाया आहे. फक्त त्यांचा एसएमपीएस अनेकदा खास त्यांच्याच जोडणीचा आणि कमी वॉटचा असतो, कॅबिनेटही लहान असतं. तिथे वेगळी वीजजोडणी न लागणारं, ७५ वॉटचं जीटीएक्स १६५० आणि तेही कमी उंचीचं, असा मेळ घालावा लागतो.

एसएमपीएसबद्दल मात्र मी कोणतीही तडजोड सुचवलेली नाही. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असतं. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टची ओळ वाचा. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर प्रोसेसर आणि कार्डाला मिळणारी खरी ताकद १९२ वॉटच आहे. आरएक्स ६६०० आणि ६५ वॉटच्या प्रोसेसरला मिळूनच तेवढी लागते. तिथे बिघाड झाला तर तो एकटा जात नाही, कधी कधी बोर्ड आणि कार्डालाही घेऊन जातो. यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. वीज वारंवार जाते अशा गावात एवढ्या ताकदीच्या पीसीला मॉनिटरसह १००० व्हीएचा यूपीएस आणि भिंतीत खरंखुरं अर्थिंग हा खर्च चैनीचा नाही.

आपल्याकडच्या हवेचाही हिशेब करावा लागतो, आणि परदेशी परीक्षणांत तो सहसा नसतो. थंड खोलीत, २२ अंशांत मोजलेलं कार्ड ६७ अंशांवर थांबलं असेल, तर तेच कार्ड मे महिन्यात नागपूरच्या किंवा जळगावच्या ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाणार. कूलर जादा उष्णता खोलीतच सोडतो, खोलीपेक्षा थंड तो काहीही करू शकत नाही. म्हणून विदर्भ-खानदेशात हवेशीर कॅबिनेटला काचेच्या चकचकीत कॅबिनेटपेक्षा जास्त किंमत आहे. डेझर्ट कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नये. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या, दमट हवेने रॅमचे आणि कार्डाचे संपर्क गंजतात, तिथे वर्षातून दोनदा यंत्र उघडून साफ करणं ही देखभालच समजावी.

या पुस्तकात भावांची यादी का नाही, तेही सांगायला हवं. २०११ मध्ये थायलंडच्या पुरानंतर हार्ड डिस्कचे भाव भडकले. २०२० आणि २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डं मिळेनाशी झाली. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅम झपाट्याने महागली, आणि त्याच डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल या आपल्या ग्राहकांसाठीच्या ब्रँडमधून बाहेर पडण्याचं जाहीर केलं. छापलेला भाव शाई वाळेपर्यंत शिळा होतो. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोरा तक्ता दिला आहे. तीन दुकानांचे आणि ऑनलाइनचे भाव तुम्हीच लिहायचे, १८ टक्के जीएसटीसह, पक्क्या बिलाचे. बिलाशिवाय वाचलेले पैसे वॉरंटीच्या दाराशी परत द्यावे लागतात.

जुनं यंत्र किती ताणायचं, यालाही मर्यादा आहे. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारं एफएसआरसारखं तंत्र जीटीएक्स १०६० सारख्या २०१६ च्या कार्डालाही आणखी काही काळ खेळता ठेवतं. पण इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल या २०२४ च्या खेळाला हार्डवेअर रे ट्रेसिंग लागतंच, ते नसलेल्या कार्डासाठी तो बनलेला नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा रायझनचा २००० मालिकेचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंटलाही टीपीएम आणि सिक्युअर बूट हवंच. अशा ठिकाणी एकेक भाग बदलत राहणं तोट्याचं ठरतं. तिथे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकत्र बदलावी. ती वेळ कशी ओळखायची, हे शेवटच्या प्रकरणात आहे.

हे पुस्तक पहिला पीसी घेणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, तितकंच त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे. पैसे देणाऱ्यालाही कोटेशनमधली प्रत्येक ओळ कळली पाहिजे. त्यासाठी दुसरं प्रकरण त्यांनी एकत्र बसून वाचावं. खेळासाठी घेतलेलं यंत्र अभ्यासाला, व्हिडिओ एडिटिंगला, प्रोग्रॅमिंगलाही पुरून उरतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या मुलाने किंवा मुलीने एकदा स्वतः प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवला, त्यांना यंत्राची भीती उरत नाही. हे ज्ञान मराठीत, सरळ भाषेत मिळणं हा त्यांचा हक्क आहे असं मी मानतो. गिऱ्हाइकाला स्वस्तातला योग्य भाग सुचवून स्वतःचा नफा कमी करणारे अनेक दुकानदार आणि रिपेअरवाले मला भेटले. या पुस्तकातलं बरंचसं शहाणपण त्यांचं आहे, आणि त्यांचे आभार मनापासून मानतो.

पुस्तक कुठूनही उघडलं तरी चालेल, पण पहिलं प्रकरण मात्र चालू कॉम्प्युटरसमोर बसून वाचा. त्यात मोजणीची पाच कोष्टकं आहेत. ती भरून झाल्यावर कदाचित असं दिसेल की तुम्हाला नव्या कार्डाची गरजच नाही, रॅमची एक पट्टी आणि बायोसमधली एक नोंद पुरेशी आहे. तसं झालं तर उरलेले पैसे जपून ठेवा. पुढच्या पिढीचं कार्ड येईल, जुन्याचे भाव उतरतील, आणि तुमच्या यंत्रात नेमकं काय कमी आहे हे तेव्हा तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.